धोंड्याच्या जेवणाचा हललेला सीन

आमच्या पिक्चरमध्ये एक सीन हलतो. बाकीचा अख्खा पिक्चर गाडलेल्या खुंट्यासारखा स्थिर आहे, पण धोंड्याच्या जेवणाचा सीन आला की चित्र थरथरायला लागतं. ज्यांनी ज्यांनी तो मोबाइलवर पाहिला त्यांनी खाली काहीतरी लिहिलंच आहे. 'कॅमेरामन टाइट होता काय बे?' हे त्यातल्या त्यात सभ्य. एकाने लिहिलंय की भूकंप चालू असताना शूटिंग ठेवू नये. मला हे वाचून हसू येतं, कारण लिहिणारे मजेदार आहेत आणि हसणं आमच्या अंगात आहे. दरवर्षी बडग्यांचे पुतळे काढून सगळी इडा-पीडा वाजतगाजत गावाबाहेर नेणारं हे नागपूर शहर आहे. आम्ही कोणालाच सोडत नाही. पण तो सीन का हलतो हे मला ठाऊक आहे, मी तिथे होते, आणि आता सांगायला हरकत नाही असं ज्यांनी म्हणायला हवं त्या दोघांनीही म्हटलं आहे.

पिक्चर म्हणजे थिएटरात लागणारा नव्हे. आमचा दिग्दर्शक नागपुरात गणिताचे क्लासेस घेतो, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणतात. रविवारी तो वऱ्हाडी बोलीतले विनोदी पिक्चर काढतो. पहिल्यात एक सरपंच दरवर्षी एकाच विहिरीचं उद्घाटन करतो आणि दरवर्षी विहिरीला नवीन नाव देतो. तो पिक्चर पाहून आमच्या गावच्या खऱ्या सरपंचांनी मास्तरला चहाला बोलावलं आणि चहा दिला नाही. इतका तो लागला. मी धंतोलीत पॅथॉलॉजी लॅब चालवते. आठवडाभर लोकांना सुया टोचायच्या आणि रविवारी मास्तरसोबत फिरून नटांना वाक्यांची आठवण करून द्यायची, असं माझं चाललेलं असतं. दोन्ही कामांत समोरचा माणूस घाबरलेला असतो.

पण या पिक्चरांचा जीव म्हणजे माझी मोठी आई, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. सगळं गाव तिला मोठ्याई म्हणतं. नरखेड तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग आहे. ती नटी झाली तो अपघात होता. मास्तरने त्या बागेत शूटिंग ठेवलं होतं आणि त्याच्या माणसांनी तिने लावलेल्या कलमांवरून चालायला सुरुवात केली. ती खराटा घेऊन धावली. मास्तरच्या पाठीत दोन बसले. कॅमेरा चालू होता. तो तुकडा मास्तरने तसाच्या तसा पिक्चरमध्ये घातला आणि लोकांनी तोच परत परत पाहिला. तेव्हापासून प्रत्येक पिक्चरमध्ये मोठ्याई असते, आणि शेवटी ती खराटा काढते. लोक त्या खराट्याचीच वाट बघतात. एसटीत तिला बायका ओळखतात आणि म्हणतात, "मोठ्याई, आमच्या इकडेही एक चक्कर मारजो वं, खराटा घेऊन."

तिची एक गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या पिक्चरमध्ये मास्तरने लिहिलं होतं की ती सुनेला खराट्याने झोडपते. तिने साफ नाही म्हटलं. "लोकं हासतीन मास्तर, मले मालूम हाय. पण मले नाही पचत थे." मग तिने सुनेला सोडून तिला गप्प बसवणाऱ्या सासऱ्याला झोडपलं, आणि सासऱ्याचं काम करत होते तिचे खरे यजमान, माझे मोठे बाबा. ते खरंच पळाले. मी आजवर खूप हसवणारी माणसं पाहिली. पण कोणाला मारलं की हसू चांगलं येतं याची इतकी पक्की जाण दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

या पिक्चरांचा कॅमेरा धरतो तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ. त्याचा धंदा लग्नाची शूटिंग करण्याचा. हळद लागताना कुठे उभं राहायचं, अंतरपाट खाली येताना कोणाच्या चेहऱ्यावर जायचं, हे त्याला पुरोहितापेक्षा चांगलं कळतं. वरातीच्या गर्दीत धक्के खात त्याने काढलेली चित्रंसुद्धा हलत नाहीत. हात म्हणजे हात आहे त्याचा.

लहानपणी तो उन्हाळ्यात आमच्याकडे नागपूरला यायचा. दुपारी कूलरसमोर आम्ही सगळे केबलवरचे विनोदी पिक्चर बघत पडायचो. त्यात एक माणूस हमखास असायचा. लचकत चालणारा, रुमाल उडवणारा, नायकाच्या गळ्यात पडून मुस्काटात खाणारा. तो आला की घर हसायचं. माझा भाऊ सगळ्यांत मोठ्याने हसायचा आणि लगेच पाणी प्यायला उठायचा. कितीतरी वर्षांनी त्याने मला सांगितलं की त्याला तहान कधीच लागलेली नसायची.

पुढे कोर्टाचा निकाल आला, की अशा माणसांचं प्रेम हा गुन्हा नाही. त्या दिवशी आमच्या घराण्याच्या ग्रुपवर विनोदांचा पूर आला. आता पोराच्या मित्रालाही घरात घेताना आधार कार्ड बघा, असल्या दर्जाचे. एका काकांनी तर डोळा मारणारे चेहरे पाठवून पाठवून ग्रुप लाल-पिवळा केला. मी चिडून ग्रुप सोडला, तर दुसऱ्या काकांनी मला परत घातलं आणि विचारलं, "काहून बाहेर पडली वं बाई, नेट गेलं होतं काय?" यांच्यावर रागवायचं तरी किती? ही वाईट माणसं नाहीत. अर्ध्या रात्री दवाखान्यात धावतील. फक्त समोर कोण बसलंय हे न बघता बोलतात.

समोर माझा भाऊ बसलेला होता. त्याच ग्रुपवर, गुपचूप.

नागपुरात त्याचा एक जोडीदार आहे. फिजिओथेरपी करतो, दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे वाकवतो. शांत माणूस, जाड मिशी, चौकटीचे शर्ट. दोघं बरीच वर्षं एकत्र राहतात. तो मित्र म्हणून गावी यायचा, बागेत फिरायचा, मोठ्याईच्या हातचं पिठलं-भाकर खायचा. आणि मग एका दिवाळीत माझ्या भावाने आईला खरं काय ते सांगितलं. ती अंबाडीची भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं, देठं बाजूला केली आणि विचारलं, "जेवला काय तू?"

त्यानंतर दोन वर्षं त्या विषयावर तिने एक शब्द काढला नाही. रागावली नाही, रडली नाही. फोनवर पाऊस, फवारणी आणि भाजीचे भाव. जोडीदाराने गावी येणं बंद केलं. बोलावल्याशिवाय कसा येणार? माझा भाऊ एकदा लॅबमध्ये येऊन माझ्यासमोर बसला. माणसं रक्त द्यायला बसतात तशी बाही वर करून बसला आणि त्याच्या लक्षातही आलं नाही. म्हणाला, "ताई, शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्याले घरात घे म्हण, नाहीतर घेत नाही म्हण. हे काय, की जसं मी काही बोललोच नाही."

त्याला एवढंच हवं होतं. हो किंवा नाही. मला तर वाटायचं की तिने नाही म्हटलं तर हा मुलगा मोडेल, आणि म्हणून तिचं गप्प राहणंच बरं. पण ते मी त्याला सांगितलं नाही.

असं सगळं असताना मास्तरने नवीन पिक्चर लिहिला. गोष्ट अधिक महिन्यातली, म्हणजे धोंड्याच्या महिन्यातली. या महिन्यात आपल्याकडे लेक-जावयाला जेवायला बोलवतात, लक्ष्मी-नारायणाची जोडी म्हणून पाटावर बसवतात आणि जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात, वर दिवा ठेवून. मास्तरची गोष्ट अशी की एका घरात दोन जावई येतात आणि मान कोणाचा मोठा यावरून रुसून बसतात. ती गोष्ट उत्तम होती. एक जावई अनारशाची जाळी उन्हात धरून तपासतो, तिथे तर मी वाचतानाच हसले. पण शेवटी धाकटा मुलगा पुण्याहून एक 'मित्र' घेऊन येतो. लचकणारा, खांद्याला गुलाबी पर्स. आणि मोठ्याई खराटा काढून त्याला फाटकाबाहेर हाकलते. संपला पिक्चर.

मी मास्तरला म्हटलं, हे घाण आहे. तो मनापासून बुचकळ्यात पडला. "अहो मॅडम, लोकं हासतात नं. अन् मोठ्याईचा खराटा कोणावर तरी पाहिजेच." भावाने तो कागद वाचला, घडी केली आणि विचारलं, लाइट किती वाजताची हवी. तो नाही म्हणू शकला असता. पण तो का नाही म्हणतोय असं कोणी विचारलं असतं तर?

मोठ्याईला वाचून दाखवायचं काम माझं. शेवटचं पान मी भराभर वाचलं. ती बागेकडे बघत होती. वाचून झालं तेव्हा म्हणाली, "अनारशाचं पीठ खरं भिजवतो मी. महिना चालूच हाय. खोटे अनारसे ठेवू नका मनाव मास्तरले."

बस, एवढंच.

मास्तर गणितात पक्का आहे, पण एक हिशेब त्याचा चुकला. त्याने शूटिंग खऱ्या अधिक महिन्यात ठेवलं. त्या लचकणाऱ्या मित्राचं काम करणारा पोरगा खाप्याचा, नकलांसाठी प्रसिद्ध, आणि त्याचं आदल्याच वर्षी लग्न झालेलं. शूटिंगच्या सकाळी त्याचा फोन आला. सासऱ्यांनी आजच धोंड्याच्या जेवणाला बोलावलंय, मेव्हणा गाडी घेऊन दारात उभा आहे, नाही म्हटलं तर बायको घरात घेणार नाही. मास्तरने कपाळावर हात मारला. जावयाच्या मानावर पिक्चर काढायला निघालेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं की या महिन्यात महाराष्ट्रातला एकही नवा जावई मोकळा नसतो.

अंगण भरलेलं होतं. जावई, लेकी, भाऊबंद म्हणून पिक्चरमध्ये बसायला आमचेच नातेवाईक जमले होते, डोळा मारणारे चेहरे पाठवणाऱ्या काकांसकट. पाऊस थांबला होता आणि मास्तरला उजेड दवडायचा नव्हता. त्याची नजर फिरत फिरत फाटकाबाहेर, आत उजेड पाडायला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून उभ्या असलेल्या माणसावर गेली. तो माझ्या भावाचा जोडीदार होता. कॅमेऱ्याचं सामान जड, गाडी त्याची, म्हणून तो नागपूरहून चालवत आला होता. गाडीतच बसून राहणार होता, पण पत्रा धरायला माणूस कमी पडला.

"तुमी या हो. बोलाचं काहीच नाही. फक्त लचकत याचं अन् मार खायाचा."

भावाने कॅमेऱ्यामागून मान वर केली. तो काही बोलणार तेवढ्यात जोडीदाराने पत्रा खाली ठेवला आणि म्हणाला, "चालेल." का म्हणाला? मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, दोन वर्षांनी त्या अंगणात पाय ठेवायला मिळत होता, खराटा खाऊन का होईना.

लचकणं त्याला जमेना. गुलाबी पर्स खांद्याला अडकवून तो तलाठ्यासारखा ताठ चालत फाटकातून आत आला. नातेवाईक आधीच फसफसायला लागले होते. मोठ्याई घरातून खराटा घेऊन निघाली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि मनात म्हणत होते, नको गं बाई, नको.

ती त्याच्यासमोर येऊन थांबली. खराटा उचललेला. मग तिने तो शेजारी उभ्या मोठ्या बाबांच्या हातात दिला, जसा काही तो त्यांचाच होता.

"चपला काढ," ती त्याला म्हणाली. "पाय धू. उन्हातून आला."

मास्तर कट म्हणाला नाही. त्याला वाटलं मोठ्याई काहीतरी रचते आहे, आणि तिचं रचलेलं त्याच्या लिहिलेल्यापेक्षा नेहमीच बरं निघतं. तिने त्याच्या खांद्यावरची पर्स काढली आणि पिक्चरमधल्या थोरल्या, रुसक्या जावयाच्या गळ्यात घातली. अंगण खदखदून हसलं. मग पाटाकडे वळली. तिथे तोवर मोठे बाबा खराटा घेऊनच टेकले होते. "सरका तिकडे. जावयाचा पाट हाय तो." ते सरकले आणि थेट शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले. पुन्हा हशा.

काकांना राहवलं नाही. वाक्य त्यांचं नव्हतंच, पण ते ओरडले, "हा कोण व्हय वं वहिनी?"

"जावई."

"कोणत्या पोरीचा?"

"पोरीचाच असाव लागते काय गा?"

तिथे तर मास्तरही तोंडावर हात दाबून हसत होता. हसू सगळं काकांवर येत होतं, कारण त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं होतं. लचकणाऱ्या माणसावर कोणीच हसत नव्हतं. लचकणारा माणूस त्या अंगणात उरलाच नव्हता. पाटावर चौकटीच्या शर्टातला एक माणूस बसला होता आणि त्याची मान खाली होती.

मोठ्याईने त्याला कुंकू लावलं. अक्षता लावल्या. ताम्हनात रचलेले अनारसे आणले, त्यावर दिवा लावला, ओवाळलं आणि ताम्हन त्याच्या हातात दिलं. आणि मग डोक्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ. ती अजिबात हसत नव्हती. हशा हळूहळू विरळ झाला. मी भावाकडे पाहिलं. ज्याचा हात वरातीत हलत नाही त्याचे दोन्ही हात थरथरत होते आणि डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला होता.

"कट!" मास्तर नाचायचाच राहिला. "एक नंबर मोठ्याई! पिक्चरच बदलला!" मग त्याने काढलेलं चित्र मागे फिरवून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "अरे, हे तं पूर्ण हललं बे. काय झालं तुले? एक रिटेक घेऊ. मोठ्याई, थे ताम्हन घ्या परत, अनारसे पहिल्यासारखे रचा, पुन्हा द्या."

मोठ्याई जागची हलली नाही.

"वाण परत घेत असते काय गा मास्तर?"

"अहो, पण सीन..."

"सीन तुमचा. वाण माह्यं हाय."

मग एकेकाला कळत गेलं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते वेगळ्या वेळी पोचलं. मास्तरला सगळ्यात शेवटी. काकांनी खिशातून मोबाइल काढला, पाहिला आणि परत ठेवला. मोठे बाबा खराटा खाली ठेवून उठले आणि मोटर बघून येतो म्हणून बागेत निघून गेले. लाइट सकाळपासून नव्हती. ते परत आले तेव्हा जेवणं झाली होती. त्यांनी मुकाट्याने ताट वाढून घेतलं. आजही ते त्या जावयाशी फारसं बोलत नाहीत. पण नागपूरला आले की लुंगी वर करून गुडघा त्याच्यापुढे ठेवतात, आणि तो दाबून देतो.

हे नंतरचं. त्या क्षणी मोठ्याई कॅमेऱ्याकडे वळली होती. कॅमेऱ्यामागच्या मुलाकडे.

"अन् तू काहून उभा हाय? वाण जोडीले असते. दुसऱ्याईची लग्नं लय काढली तू. ठेव थे खाली, अन् बस त्याच्या बाजूले."

त्याने कॅमेरा ओट्यावर ठेवला. बंद करायचं त्याला सुचलं नाही. तो तुकडा पिक्चरमध्ये नाही, मास्तरनेही मागितला नाही. तो माझ्याकडे आहे. मला या पिक्चरांचं, त्या बाईचं आणि खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या हसऱ्या गोतावळ्याचं जेव्हा फार कौतुक वाटतं तेव्हा मी तो लावते. कॅमेरा तिरका पडलाय, त्यामुळे चेहरे दिसत नाहीत. पाट दिसतो, दोन माणसांचे गुडघे एकमेकांना लागलेले दिसतात, आणि मोठ्याईचा हात कुंकवाच्या करंड्याकडून वर जाताना दिसतो, एकदा आणि मग परत एकदा. तेवढं चित्र मात्र जराही हलत नाही.